धोंडिभाऊ बॉयलरवाले

धोंडिभाऊ कुणालाही भेटले की रामराम नंतर. आधी समोरच्याच्या मनगटाला उलटा पंजा लावत, "गार हाय" किंवा "बरा हाय" म्हणत, आणि मग बोलणं सुरू. मोठ्या डॉक्टरांनाही त्यांनी सोडलं नव्हतं.

लोणावळ्याहून कुरवंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेव्हा क्षयरोग्यांचं एक आरोग्यधाम होतं. साठ सालाच्या आसपास मी तिथे कारकून होतो आणि धोंडिभाऊ बॉयलरवर. कोळशावर पाणी तापायचं, नळांतून वॉर्डांत फिरून खोल्या उबदार करायचं आणि परत बॉयलरकडे यायचं. धोंडिभाऊंचा सगळा जीव त्या परतीच्या नळात. "जानाऱ्या पाण्याला काय इचारता? परत आलंय त्याला इचारा," असं ते म्हणत. पाणी फार गरम परतलं, तर लगेच आग कमी करत आणि उगाच कोळसा जाळला म्हणून स्वतःवरच चिडत.

धुराबरोबर ऊब फुकट जाते, याचं त्यांना फार वाईट वाटे. एका उन्हाळ्यात त्यांनी भंगारातले नळ वाकवून धुराच्या वाटेत बसवले. परतलेलं पाणी आधी तिथून फिरून ऊब घेई आणि मगच बॉयलरात जाई. कोळसा खरोखर कमी लागू लागला. कोठाराची किल्ली माझ्याकडेच होती, मला दिसत होतं. पण धूर इतका निवला की त्यातली वाफ पाणी होऊन चिमणीच्या बुडाशी ठिबकू लागली. क्षयाच्या दवाखान्यात चिमणीलाही सर्दी झाली, ही थट्टा मीच सुरू केली. धोंडिभाऊ हसले आणि त्यांनी खाली बादली ठेवली.

त्या पाण्यानं चिमणीचा पत्रा गंजू लागला. नव्या व्यवस्थापकांनी माझ्याकडे अहवाल मागितला. त्यांना काय आवडेल ते मला ठाऊक होतं. मी गंजावर पानभर लिहिलं, कोळशावर एक ओळही नाही. नळ काढायचा हुकूम आला. धोंडिभाऊंनी ते स्वतःच काढले.

ऐन श्रावणात मी मागच्या पडवीत गेलो. रोग्यांचे नातेवाईक तिथेच राहत. वाड्यावस्त्यांवरच्या चार-पाच बाया ओल्या लुगड्यांनी काकडत बसल्या होत्या. त्यांतल्या एका मावशीनं मला विचारलं, "ही भित गार का पडली वो? मागल्या म्हैन्यापत्तोर लय ऊब हुती. लुगडी वाळायची हितं."

भिंतीच्या तळाशी एक कापलेला नळ दिसला. तो बॉयलरखोलीतून, धुराच्या वाटेतल्या त्याच नळांकडून आला होता.

मी तसाच धोंडिभाऊंकडे गेलो. आधी का सांगितलं नाही, म्हणून विचारलं.

"सांगितलं आसतं तर कागद झाला आसता. कागदावर तुमी न्हाईच म्हनला आसता." फावड्यानं कोळसा सारता सारता ते थांबले. "आमची मंडळी हितंच हुती. तिचा शेवटचा पावसाळा मी त्या पडवीत काढलाय."

मी कचेरीत परतलो. नवा अहवाल लिहायला कोरा कागद होता, दौत भरलेली होती आणि व्यवस्थापक शेजारच्याच खोलीत होते.

मी हजेरीपट उघडला.