समुद्राचा हयातीचा दाखला

करंजवड्याच्या तहसील कचेरीत समुद्राचा हयातीचा दाखला दर वर्षी तीस नोव्हेंबरच्या आत द्यावा लागतो. नाही दिला तर एक डिसेंबरपासून समुद्र मयत धरतात, त्याच्या जागेला सर्व्हे नंबर पडतो आणि तिथे गवत वाढतं. पेन्शनवाल्यांना जो नियम तोच समुद्राला.

दाखला आणायचं काम घाटावरच्या माणसाचं. किनाऱ्यावरच्या माणसाची साक्ष चालत नाही, कारण तो समुद्राचा शेजारी, आणि शेजाऱ्याबद्दल कोणी सरळ बोलत नाही. जायचं सायकलनेच. गाडीच्या आवाजाने समुद्र दबावाखाली सही करतो, असा जुना आक्षेप कागदोपत्री आहे. एका घाटाने उतरायचं आणि दुसऱ्या घाटाने चढून यायचं, एकूण एकशे अडुसष्ट किलोमीटर. तो माणूस खरंच सगळा फिरून आला का, हे मात्र कोणी तपासत नाही. एकतीस वर्षं हे काम केरबा मास्तरांकडे होतं, आणि केरबा मास्तरांना तपासायचं म्हणजे देवळात जाऊन देवाचं आधार कार्ड मागण्यासारखं झालं असतं.

मास्तर पहाटे पाचला निघत. पूर्वी ते संध्याकाळी परत यायचे, पण गेली काही वर्षं बाराच्या ठोक्याला दाखला घेऊन कचेरीत हजर व्हायचे. वय वाढलं तसा त्यांचा वेग वाढत गेला, याचं गावाला भारी कौतुक होतं. या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पंचाईत आली. स्वरूपा चौगुले म्हणाली, मी जाते. स्वरूपा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली, बावीस वर्षांची. जानेवारीत ती हैदराबादला नोकरीवर रुजू होणार होती.

"पोरीच्या जातीला झेपायचं न्हाई ते," पारावरचे आबा म्हणाले.

"समुद्र जिवंत आहे का एवढंच बघायचंय ना? त्याला मिशा कशाला लागतात?" स्वरूपा म्हणाली. "आणि एकदाच जाणार. पुढच्या वर्षी तुमचं तुम्ही बघा."

तीसला पहाटे पाचला ती निघाली. घाट उतरताना बोटं ब्रेकवर गारठून गेली. खाली भाताची कापणी झालेली, खाचरांत बगळे उभे. अठ्ठावन्न किलोमीटरवर खाडीचा पूल लागला. तिथे तिने चहा घेतला आणि पुढे निघाली. पुलानंतरचे बावीस किलोमीटर सगळे चढउतार, वर समोरून वारा. दहाच्या सुमाराला ती साखरबंदरला पोहोचली.

बंदर कचेरीत तांडेलबाई नावाच्या कारकून होत्या. कुंपणाच्या भिंतीवर मासळी वाळत घालून त्या राखत बसल्या होत्या.

"दाखल्याला आलीस? बरं झालं. तो लांब गेलाय गो, ओहोटी आहे. चालत जावं लागेल."

दोघी ओल्या वाळूतून पाण्यापर्यंत चालत गेल्या. स्वरूपाने अर्ज काठावर धरला. एक लाट आली, कागदावरून गेली आणि मागे सरली. कागद उन्हात दगडाखाली ठेवला तेव्हा पाणी उडून मीठ राहिलं. ते चमकत होतं. ती समुद्राची सही.

तांडेलबाईंनी अर्जाच्या कोपऱ्यात चिकटवलेल्या गेल्या वर्षीच्या नमुना सहीवर बोट ठेवलं. "ही कोणाची?"

"समुद्राची. मास्तरांनी आणलेली."

"कोण मास्तर? पिवळ्या टोपीवाले? ते नऊ वर्षांत इकडे फिरकले नाहीत. आम्ही तर त्यांना श्रद्धांजलीसुद्धा वाहिली." बाईंनी कागद नाकाशी नेला. "ही खाडीची सही. कडेला चिखल बघ की."

"म्हणजे नऊ वर्षं समुद्र..."

"मयतच. पण त्याला कोणी कळवलं नाही, म्हणून चालू राहिला. आमच्याकडे माणसंपण असं करतात."

स्वरूपाने तिथूनच फोन लावला.

"मास्तर, तुम्ही कुठवर जात होता?"

पलीकडे बराच वेळ नुसता खोकला ऐकू आला. मग मास्तर म्हणाले, "खाडीचा पूल हाय बघ."

"आणि पुढे?"

"पुढं काय, तेच पाणी की. खाडी म्हंजे समुद्राची मुखत्यार समजायची. तू असं कर, आल्या वाटेनं माघारी ये, पुलाखाली खाडीची सही घे. नमुन्याशी जुळतीया, कुणी विचारायचं न्हाई. मोठ्या माणसांनी घालून दिलेलं असतंय, त्याला काहीतरी अर्थ असतोय, स्वरूपा."

"मुखत्यारपत्र कुठंय?"

"कसलं?"

"समुद्राने खाडीला लिहून दिलेलं."

मास्तरांनी फोन ठेवला.

स्वरूपा वाळूत बसली. खाडीची सही नेली तर नमुन्याशी जुळणार, मास्तर देवमाणूस राहणार, आणि खरा समुद्र दहाव्या वर्षीही मयतच राहणार. ज्या दिवशी कोणाच्या लक्षात येईल त्या दिवशी इथे गवत. समुद्राची खरी सही नेली तर ती जुळणार नाही, आणि गवत उद्याच.

"आमच्या गावात एकाच्याही घरात विळा नाही," तांडेलबाई पाण्याकडे बघत म्हणाल्या. "गवताचं करायचं काय आम्ही?"

"दुसरा काही मार्ग?"

"नवीन नोंद करता येते. गुलाबी फॉर्म आहे माझ्याकडे, कधी वापरला नाही." त्या कचेरीतून फॉर्म घेऊन आल्या आणि मांडीवर पाटी ठेवून लिहू लागल्या. "नाव, समुद्र. जन्मतारीख, आजची. पहिली खरी सही झाली तो जन्म."

"बाई, केवढा आहे तो!"

"अंगाने थोराड आहे. कागदावर आजचाच." बाई पुढे वाचत गेल्या. "म्हणजे कायद्याने अज्ञान झाला, अठराच्या आतला. पालनकर्ता लागतो, घाटावरचा. अठरा वर्षं पुरी होईपर्यंत दर तीस नोव्हेंबरला त्याने स्वतः यायचं, सायकलने, दोन्ही घाट करून. बदली माणूस चालत नाही."

"मी हैदराबादला जाणार आहे."

"तिथून सुट्टी काढून यायचं. मुलंबाळं असली की लोक काढतातच."

"मी चाळीस वर्षांची होईन तोवर."

"तो अठराचा होईल," तांडेलबाई म्हणाल्या.

स्वरूपाने समोर पाहिलं. ओहोटी संपत आली होती. एक बारकी लाट वाळूवर चढायला निघाली, निम्म्यात थांबली, मागे गेली, पुन्हा निघाली. स्वरूपाला मास्तरांचा राग आला होता, आबांचा आला होता, ज्यांनी हे नियम केले त्या सगळ्या मेलेल्या माणसांचा आला होता. पण लाटेचा राग येईना. ती लाट तिसऱ्या खेपेला तिच्या बुटापर्यंत पोहोचली. स्वरूपाने पेन मागून घेतलं आणि 'पालनकर्ती' या शब्दापुढे सही केली.

"आता अठरा वर्षं मोठी जहाजं नाहीत," बाईंनी फॉर्मवर शिक्का मारत सांगितलं. "होड्यांना हरकत नाही. पोरं होड्यांशी खेळतातच."

परतीचा घाट चौदा किलोमीटरचा. स्वरूपा तो उन्हात, सगळ्यात हलक्या गिअरवर चढली. प्रत्येक वळणाला तिने गावातल्या एकेका वडीलधाऱ्याला मनातल्या मनात सुनावलं. वळणं संपली तरी माणसं उरली होती. पाच वाजून वीस मिनिटांनी ती कचेरीच्या दारात उतरली. बाकावर आबा आणि मंडळी बसली होती. कोपऱ्यात काठी घेऊन केरबा मास्तर होते.

"आलीस? मास्तर बाराला येत व्हते," आबा म्हणाले.

कारकुनाने गुलाबी फॉर्म वाचला. वयाच्या रकान्यापाशी थांबला नाही. "पालनकर्ती तुम्हीच ना? बरं. एक रकाना राहिलाय. पूर्वीचा समुद्र मयत, बेपत्ता की इतर?"

"इतर."

"तपशील?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. मास्तर जमिनीकडे बघत होते.

"तो समुद्र नव्हता, ती खाडी होती," स्वरूपा स्वच्छ आवाजात म्हणाली. "जिवंत आहे. तब्येत चांगली आहे. नऊ वर्षं तिने काही न विचारता सह्या केल्या."

कारकुनाने ते तसंच लिहून घेतलं, शिक्का मारला आणि पोच दिली. आबांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसला.

ती सायकल हातात धरून बाहेर आली तेव्हा मास्तर मागून आले. त्यांच्यासाठी तिने घाटात सात-आठ उत्तरं तयार करून ठेवली होती.

"गुडघे गेलं व्हतं ग," मास्तर म्हणाले.

"मग सांगायचं होतंत."

"सांगून काय झालं असतं?"

"मी गेले असते."

"तेरा वर्षांची व्हतीस तू तवा."

"आणि आता बावीसची आहे, तरी कुठे कोण हो म्हणत होतं?"

सात-आठ उत्तरांपैकी पुढचं द्यावं, असं स्वरूपाला वाटलं नाही. दोघं कचेरीच्या पायऱ्यांशी उभे राहिले. सायकलच्या चाकांना वाळू चिकटली होती, मास्तर काठीच्या टोकाने ती हळूच झटकू लागले.

"कसा हाय?" त्यांनी विचारलं.

"थोराड आहे. सही करताना एका जागी राहत नाही."

"त्या वयात न्हाईच ऱ्हात." मास्तर म्हणाले. "थंडी सुरू झालीय. पहाटंचं अंगावर काय असतंय का त्याच्या?"

"धुकं असतं, तांडेलबाई म्हणाल्या."

"जाड असतंय न्हवं?"

"असतं."

"मग ठीक," मास्तर म्हणाले, आणि दुसरं चाक झटकायला घेतलं.