केसभर सेलेनियम

वजनमापे कार्यालयातल्या एका निरीक्षकांना कसलाही आजार नाही, ही गंभीर बाब वरिष्ठांच्या लक्षात जरा उशिराच आली.

निरीक्षक सकाळी वेळेवर येत, दुपारी बाजारात फिरून दुकानदारांचे तराजू तपासत आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकताच झोपी जात. काटा इकडचा तिकडे हलला तरी त्यांच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून बाजाराने त्यांचं नाव 'काटेकोर' ठेवलं होतं. नाव ठेवणाऱ्यांनी ते रागाने ठेवलं होतं, पण काटेकोरांनी ते बक्षीस समजून ठेवून घेतलं. खाण्याच्या बाबतीत त्यांचा काही अभ्यास नव्हता. बायको करील ते ताजं जेवण, मोसमात मिळेल ते फळ, अधूनमधून अंडी नाहीतर मासे. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर माणूस धडधाकट राहतो, हे कुठल्याही खात्याला संशयास्पद वाटावं असंच होतं.

अशात वरून 'सूक्ष्मपोषण अभियान' आलं. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या शरीरातील सूक्ष्म मूलद्रव्यांची पातळी तपासून ती समाधानकारक करण्यात यावी, असा आदेश होता. समाधान कोणाचं, याचा उल्लेख नव्हता. स्टेशनरी विभागातल्या एका बाईंना समन्वयक नेमण्यात आलं. त्यांची या विषयातली पात्रता अशी, की त्यांची जाऊ आहारतज्ज्ञ होती आणि दोघींचं एकमेकींशी पटत नव्हतं.

समन्वयक बाईंनी आधी जेवणाचे डबे हाती घेतले. रंगीत भाज्याफळांत अँटीऑक्सिडंट असतात आणि ते शरीराला आतून गंजू देत नाहीत, असं त्यांनी सभेत समजावून सांगितलं. बोलणं खोटं नव्हतं, पण खरं बोलणं कार्यालयात फार वेळ तसंच राहू शकत नाही. दुसऱ्या दिवशीपासून डब्यांची रंगतपासणी सुरू झाली. लाल रंग नसलेल्या कर्मचाऱ्याची नोंद होऊ लागली. त्यावर कर्मचाऱ्यांनी आपसात तोड काढली. एक लाल ढोबळी मिरची या डब्यातून त्या डब्यात फिरू लागली आणि सुरकुतून बोराएवढी होईपर्यंत तिने सबंध खात्याचं गंजण्यापासून रक्षण केलं. ती कोणी खाल्ली नाही.

मग मूलद्रव्यांकडे मोर्चा वळला. मानेवरचे चार केस कापून तपासणीला पाठवायचे, अशी पद्धत ठरली, कारण केस मागितले तर कोणी ओरडत नाही. सगळ्यांचे निकाल समाधानकारक आले. काटेकोरांचं सेलेनियम तेवढं मर्यादेपेक्षा केसभर कमी भरलं.

अधीक्षकांनी त्यांना आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. काही त्रास होतो का, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. काटेकोर म्हणाले, काहीच होत नाही.

"तीच तर काळजीची गोष्ट आहे," अधीक्षक म्हणाले. "कमतरता इतकी मुरलीय, की शरीराने तक्रार करायचंही सोडून दिलंय."

काटेकोर हादरले. दुसऱ्यांच्या मापात खोट काढण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचं स्वतःचंच माप कमी निघावं, ही नामुष्की त्यांना सहन होईना. त्यांनी अभियानातून मिळालेल्या सेलेनियमच्या गोळ्या नेमाने सुरू केल्या. वर औषधाच्या दुकानातून आपल्या जबाबदारीवर आणखी एक बाटली आणली. थोड्याने बरं वाटतं, तर जास्तीने अधिक बरं वाटेल, हा हिशेब त्यांना इतका सरळ वाटला की तो तपासावा असं मनात आलं नाही. त्यांच्या उभ्या नोकरीत कमी मापाच्या तक्रारी रोज येत. जास्त मापाची तक्रार घेऊन एकही गिऱ्हाईक कधी आलं नव्हतं.

काही आठवड्यांनी बायकोने त्यांना विचारलं, की बाहेर कुठे लसूण खाता का. घरात लसूण संपून बरेच दिवस झाले होते. काटेकोर नाही म्हणाले, आणि ते नाही म्हणाले तेव्हाच तिने तोंड फिरवलं. त्यांच्या श्वासाला लसणाचा भपकारा येत होता. दात घासले, चुळा भरल्या, लवंग चघळली, वास जाईना. शेवटी बायकोने एक दिवस आपली उशी उचलली आणि बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवली. लग्नाला इतकी वर्षं झाली, भांडणंही कमी झाली नव्हती, पण उशी कधी हलली नव्हती. काटेकोर रात्रभर छताकडे बघत राहिले.

बाजारात तर निराळाच प्रकार झाला. निरीक्षक गल्लीच्या तोंडाशी आले की वाऱ्याबरोबर लसणाचा वास आधी दुकानात शिरे, आणि दुकानदार ताबडतोब तराजूखालचं चुंबक काढून खिशात टाकत. काटेकोर पोचेपर्यंत सगळा बाजार धुतल्या तांदळासारखा स्वच्छ. लबाडी पकडली जाईना. इतका प्रामाणिक बाजार त्या गावाने पूर्वी पाहिला नव्हता, पण खात्याच्या हिशेबी प्रामाणिकपणाला रकाना नाही. गुन्हे कमी म्हणजे काम कमी. कामगिरी घसरल्याबद्दल त्यांना विचारणा झाली. समन्वयक बाईंनी शेरा मारला, की हा थकवा सेलेनियमच्या कमतरतेमुळेच आहे, सबब मात्रा वाढवण्यात यावी.

वाढीव मात्रेबरोबर नखं ठिसूळ झाली. शर्टाच्या काजात बटण घालताना नखाचा तुकडा पडे. केस आधी कंगव्यात येत, मग उशीवर, मग सरळ ताटात. काटेकोर घाबरून समन्वयक बाईंकडे गेले. बाईंनी अभियानाची माहितीपुस्तिका काढून वाचून दाखवली. कमतरतेची लक्षणं: थकवा, केस गळणं, नखं ठिसूळ होणं. तिन्ही तंतोतंत जुळत होती.

काटेकोरांनी विचारलं, "आणि जास्त झालं तर काय होतं?"

"ते पान जागेअभावी गाळलंय," बाई म्हणाल्या. "आणि सर, तुमच्या बाबतीत त्याचा प्रश्न येतो कुठे?"

दुसरी तपासणी आली तेव्हा काटेकोरांच्या डोक्यावर, मानेवर आणि भुवयांवर मिळून नमुन्यापुरताही ऐवज उरला नव्हता. रक्त घ्या, असं ते स्वतः होऊन म्हणाले. पण अभियान केसांचं होतं, रक्ताची त्यात तरतूद नव्हती. नियमाप्रमाणे नमुना अप्राप्त असल्यास पातळी शून्य धरायची होती. ती शून्य धरण्यात आली. शून्य सेलेनियमवर चालणारा-बोलणारा माणूस आपल्या कार्यालयात आहे, या विचाराने अधीक्षकांना वाईटही वाटलं आणि थोडा अभिमानही वाटला. मात्रा दुप्पट झाली.

त्यानंतर एका दुपारी काटेकोर सराफाच्या दुकानात उभे होते. नेहमीच्या सवयीने त्यांनी सगळ्यात लहान वजन चिमटीत उचललं, आणि ते चिमटीत आहे की नाही हे त्यांना कळेना. बोटांना मुंग्या आल्या होत्या. वजन खाली पडलं, त्याचा आवाज झाला तेव्हा ते पडल्याचं समजलं. सराफाने वाकून ते उचलून दिलं आणि कीव आल्यासारखं बघितलं. ज्या बोटांच्या जोरावर त्यांनी सबंध बाजाराला धाकात ठेवलं होतं, ती बोटं आता दुसऱ्याच कोणाची तरी होती. घरी आल्यावर त्यांनी हे बायकोला सांगितलं. तिने पदर नाकाला लावला, पण उठून गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांना धरून जुन्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी पेशंट दारातून आत येतानाच नाक वर केलं आणि काय काय घेता ते विचारलं. काटेकोरांनी एकेक बाटली टेबलावर मांडली. डॉक्टरांनी ती रांग बोटाने मोजली.

"हे सगळं बंद करा," ते म्हणाले. "शरीराला सेलेनियम लागतं, पण चिमटीत धरता येणार नाही इतकं. तेवढं तुमच्या ताटात आधीपासून होतं. तुम्ही कमी घालणाऱ्यांना पकडता, मला जास्त घालणाऱ्यांना पकडावं लागतं."

मग घ्यायचं काय, असं बायकोने विचारलं. डॉक्टर म्हणाले, जेवण. सगळ्या प्रकारचं, थोडं थोडं, पूर्वी करत होतात तसं. त्यांनी औषध लिहून दिलं नाही. इंजेक्शन नाही, साधं चाटण नाही. परतीच्या वाटेवर दोघंही खट्टू होती. डॉक्टरांचं आता वय झालं, असं बायको म्हणाली, आणि काटेकोरांनी मान हलवली. पण हातातून पडलेल्या वजनाचा धसका मोठा होता. कार्यालयात मिळणारी गोळी ते जिभेखाली धरत आणि जिन्यात आल्यावर थुंकून टाकत. घरातल्या बाटल्या बायकोने फेकून दिल्या.

वास सगळ्यात आधी गेला. उशी एका रात्री मुकाट्याने परत आली. मग बोटांत जान आली, नखं नीट वाढू लागली, आणि डोक्यावर लव फुटली. बाजारात तराजूंखाली पुन्हा चुंबकं लागली आणि ती पुन्हा पकडली जाऊ लागली. खात्याचं काम सुरळीत झालं.

नव्या केसांचा नमुना तपासणीला गेला. निकाल समाधानकारक आला.

कार्यालयात आनंदीआनंद झाला. काटेकोरांचे दोन फोटो शेजारी शेजारी लावून भिंतीवर मोठा फलक चढवण्यात आला. एकात तुळतुळीत डोकं, दुसऱ्यात केस, खाली 'वाढीव मात्रेचं यश'. काटेकोरांना राहवेना. ते अधीक्षकांकडे गेले आणि खरं ते सांगून टाकलं: मी गोळ्या बंद केल्या, म्हणून केस आले.

अधीक्षक खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे बंद केल्यानंतरही गोळ्यांचा गुण येतच राहिला. हे तुम्ही सभेत सांगाल का?"

फलक बाजारातल्या लोकांनीही पाहिला. मग जो तो काटेकोरांना कोपऱ्यात घेऊन गोळीचं नाव विचारू लागला. काटेकोर प्रत्येकाला सांगत, की नाव नाही, गोळी नाही, घरचं ताजं जेवा, सगळं थोडं थोडं खा. लोक हसत. सांगायचं नसेल तर तसं स्पष्ट म्हणा, असं काहींनी ऐकवलं. शेजारच्या काकूंनी बोलणं टाकलं. मोठ्या पदाची माणसं चार लोकांच्या उपयोगी पडत नाहीत, असं त्या जाता-येता मोठ्याने म्हणू लागल्या. अखेर एका दुकानदाराने भर रस्त्यात हात जोडले, तेव्हा वैतागून काटेकोरांनी तोंडाला येईल ते एक नाव ठोकून दिलं. त्या नावाची गोळी जगात नव्हती. दुकानदाराने ते नाव दोनदा म्हणून पाठ केलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

जगात नसलेली वस्तू बाजारात यायला फारसा वेळ लागत नाही, हे वजनमापेवाल्याला तरी ठाऊक असायला हवं होतं. एका संध्याकाळी काटेकोर जेवायला बसले, तर ताटाशेजारी नवीकोरी बाटली. वर तेच नाव, ठळक अक्षरात.

बायको म्हणाली, "अहो, रोज एक घ्यायची. शेजारच्या काकूंनी आणून दिलीय, बोलायला लागल्यात त्या. बाजारातल्या कोणा मोठ्या अधिकाऱ्याला म्हणे हिनेच गुण आला."

काटेकोरांनी तिला सगळं सांगितलं. तो अधिकारी मीच, हे नाव मीच काढलं, यात काहीच नाही. ताटात भाजी वाढून झाल्यावर ती म्हणाली, "असेल. पण एवढे लोक घेतात, म्हणजे काहीतरी असेलच ना."

काटेकोरांनी बाटली उजेडात धरून बारीक अक्षरं वाचली, झाकण घट्ट लावलं, बाजूला ठेवली. जेवण झालं, हात धुतले. मग पुन्हा बाटली उघडून एक गोळी तोंडात टाकली आणि वर घोटभर पाणी प्याले.

त्या गोळीचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. ते दिलं नाही म्हणून आत्ता तुम्हाला जी किंचित चुटपुट लागली, तेवढ्या मात्रेवर हे अभियान अजून बरीच वर्षं चालेल.