जांभूळ ते कात्रप, ब्रेक न लावता

डिझेल इंजिनात हवा अडवणारी झडप नसते.

काढा प्यायल्यावर पुतळाबाईंचा घसा तासभर चालतो. पुढचं देवाच्या हाती.

गावकीच्या पातेल्यांवर गावाचं नाव कोरलेलं असतं, तरी दर लग्नात एक झाकण हरवतं.

अल्पेश वळताना इंडिकेटर देत नाही.

रविवारी सकाळी या सगळ्या गोष्टी एकाच ट्रकात बसल्या आणि ट्रक जांभूळ गावातून कात्रपच्या मांडवाकडे निघाला. मागे पातेली, पुढे तिघं. स्टिअरिंगवर अल्पेश, खिडकीपाशी त्याचे वडील भगवंत आणि मधे आत्या पुतळाबाई. आत्या धवलारीण, म्हणजे धवले ही लग्नाची गाणी गाणारी. आगऱ्यांच्या लग्नात तिचे धवले झाल्याशिवाय हळद अंगाला लागत नाही. आज तिच्या कात्रपच्या भाचीची, जिज्ञासाची, हळद होती.

आणि बॉनेटखाली एक व्हॉल्व्ह होता, जो भगवंतांना दिसता कामा नये.

टर्बोने दाबलेली हवा हा व्हॉल्व्ह एकदम बाहेर सोडतो आणि फिस्सकन आवाज येतो. शर्यतीच्या पेट्रोल गाड्यांना त्याचा उपयोग असतो. डिझेल ट्रकला तो कपाळाला बाशिंग बांधल्याइतकाच उपयोगी. पण अल्पेशने मोबाईलवर तो आवाज ऐकला होता आणि तेव्हापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं. शेवटी उल्हासनगरच्या हितेशने, "साईं, आखिरी पीस है, तेरे लिए रखा था," म्हणत तो त्याच्या हातात ठेवला.

आनंदनगरच्या गॅरेजवाल्या महेंद्रने डोकं खाजवलं. "डिझेलमध्ये व्हॅक्यूम बनत नाय भाई. असाच लावला तर तोंड मिटून बसेल. मी करंटवर उघडणारी कॉइल टाकतो, वायर ब्रेक लाईटला. ब्रेक दाबला की फिस्स."

शनिवारी दुपारी ट्रायल झाली. ट्रक जोरात नेऊन अल्पेशने ब्रेकला पाय लावला. फिस्सऽऽ! एका कंपनीचा वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहिला. अल्पेशचे डोळे भरून आले. "क्लॅम्प ढिला वाटतोय," महेंद्र म्हणाला, "गाडी आज इथंच ठेव."

सकाळी ट्रक घेऊन तो घरी आला, तर भगवंत पातेल्यांसकट दारात उभे. वायर काढायला सवडच मिळाली नाही. मागच्या वेळी संगीत वाजवणारा हॉर्न काढून विहिरीत फेकताना ते म्हणाले होते, "पुढचं नाटक दिसलं का गाडी विकीन. मंग जा कंपनीत हेल्पर म्हणून."

म्हणून आज अल्पेशने एकच गोष्ट ठरवली. कात्रपपर्यंत ब्रेक लावायचा नाही.

बैलगाडीच्या वेगाने ट्रक निघाला. पुढे शेळ्या आल्या, त्याने गिअर उतरवला. शाळेची बस आली, त्याने तिला वाट दिली, तिच्यामागच्या रिक्षालाही दिली, रिक्षामागच्या सायकललाही दिली.

"आज लय शाना झालायस," भगवंत म्हणाले.

"आत्याला हादरे नको ना बसायला, बाबा."

"अरं, पन मांडवात पोचशील का बारशाला?" आत्या म्हणाली. "काढा उतरतंय माझा!"

नाक्यावर वळण आलं. अल्पेशने नेहमीप्रमाणे नुसतं स्टिअरिंग फिरवलं.

"इंडिकेटर कोन देईल? तुझा सासरा?" भगवंत म्हणाले.

अल्पेशने निमूटपणे दांडी ओढली आणि ॲक्सिलरेटर दाबला.

फिस. फिस. फिस. फिस.

अल्पेशने खाली पायाकडे पाहिलं. ब्रेकला तर पायसुद्धा लावला नव्हता.

"पंक्चर!" भगवंत ओरडले. "बाजूला घे."

ते उतरले. सगळ्या टायरांना लाथा घातल्या. टायर टणक. ट्रक उभा, तर आवाजही गप्प. तेवढ्यात अल्पेशने हळूच फोन लावला. "महेंद्र, कुठली वायर जोडलीस?"

"वायर?" पलीकडून खोकला आला. "नेटवर्क नाय रे इकडे," असं स्वच्छ ऐकू आलं आणि फोन कटला.

भगवंत वर चढले. "कायतरी बिघडलंय. सावकाश ने. आनि चारी दिवे लुकलुकते ठेव, मागच्यांना कळाया हवं."

चारी दिवे लागले. आता ट्रक पावलोपावली फिसफिसू लागला. रिक्षावाले वाकून बघू लागले. एका आजोबांनी हात जोडले. उड्डाणपुलाच्या चढावर तर इंजिनाचा दमच गेला. टर्बोने हवा भरायची आणि व्हॉल्व्हने ती उधळायची. ट्रक अर्ध्यावर रखडला. मागे हॉर्न, मधे आत्या, पुढे हळदीचा मुहूर्त.

पहिल्यांदाच भगवंतांच्या कपाळावर घाम आला. "ते दिवे बंद कर आधी! दिवे!"

अल्पेशने दिवे बंद केले. ट्रक गुरगुरला आणि वर चढला. दिव्यांचा आणि दमाचा संबंध बाबांना कसा कळला, हे विचारायची ती वेळ नव्हती.

"बंद का केलास रं?" आत्या रागावली. "मना ताल गावला होता!"

आणि तिने डोळे मिटून सूर लावला,

"हलद दलली कोनाचे दारा गो,
कात्रपचे मांडवी सुटला वारा गो..."

"लाव ते दिवे!"

आत्याचा शब्द. पूल उतरून सपाटी लागताच अल्पेशने दिवे लावले. फिस, वारा गो. फिस, दारा गो. कात्रपच्या गल्लीत पोरं मागे धावू लागली. मांडवातल्या बायका बाहेर आल्या, डीजेवाल्यानेही गाणं थांबवून मान वर काढली. गेली कित्येक लग्नं त्याच्या भोंग्यांखाली आत्याचे धवले चिरडले जात होते. आज ती ट्रकमधून उतरलीच नाही. अल्पेश जागच्या जागी ॲक्सिलरेटर दाबत राहिला, आणि खाली हळदीला बसलेली जिज्ञासा हसत हसत साथ देत राहिली. घसा तासभर चालला, आणि वर आणखी थोडा.

खाली उतरल्यावर आत्याने भगवंतांकडे बोट केलं. "ही गाडी विकायची बात काढशील तर याद राख. फुडल्या हळदीला मना हीच हवी."

भगवंतांनी मिशीवरून हात फिरवला. "नाय विकत. पन हा पोरगा हर वळनावर इंडिकेटर देईल."

"देतो बाबा," अल्पेश म्हणाला. त्याला रडू येत होतं की हसू, ते त्यालाच कळेना. पातेली उतरवली, तर एक झाकण कमी होतं.

शनिवारी संध्याकाळी, अल्पेश गेल्यावर, भगवंत आनंदनगरच्या गॅरेजात गेले होते आणि ब्रेकची वायर काढून ती इंडिकेटरला जोडायला त्यांनी महेंद्रला सांगितलं होतं.