कुंपणावरून विचारणारा दिलीप

रोहूची बोटभर पिल्लं पाण्यावर येऊन तोंडं वासू लागली होती आणि दिलीप टाक्याच्या काठावर बसून हवेच्या मशीनच्या डब्याला विचारत होता, "काहून बोलून नाही राहिला बाप्पा?"

सकाळी वीज जाऊन आली, तेव्हापासून डब्याचा हिरवा दिवा लागत नव्हता. मशीन बंद. मी पितळेच्या गुंडाने पाणी उचलून उंचावरून ओतत होते, तेवढीच पाण्यात हवा. सिहोऱ्यात आम्ही मासे धरणारी माणसं. बोडीत, म्हणजे आमच्या तळ्यात, सोडायचं वर्षभराचं बीज त्या टाक्यात होतं.

दिलीप माझा शेजारी. पुण्याची नोकरी सोडून आला. यंत्रांच्या आत चालणारे प्रोग्राम घरूनच लिहितो. चाळिशी उलटली, लग्न नाही. कुलूप लावलं की तीनदा ओढतो, गॅस पाहायला चौकातून परत येतो. रोज सकाळी कुंपणावरून मान काढतो, "काकू, बऱ्या आहा ना?"

"काल सांगितलं ना."

"ते कालचं झालं."

मला राग यायचा.

मशीन चालू-बंद करणारा तो डबा त्यानेच बनवलेला. लवकर सुरू व्हावा म्हणून आदल्या दिवशी प्रोग्राम बदलला, घरी टेबलावर तीनदा चालवूनही पाहिला.

माझे हात भरून आले तेव्हा तो लॅपटॉपवरून उठला. "सापडलं, काकू. सुरू होताना डबा चिपमधल्या एका खणात पाहते, आतलं घड्याळ तयार झालं का म्हणून. एकदा पाहिलं, तयार नव्हतं. मग खणात पाहणंच सोडलं त्यानं. तेच जुनं उत्तर धरून बसला."

"म्हणजे भात कच्चा दिसला म्हणून झाकण ठेवलं, अन् पुन्हा उघडलंच नाही."

"तसंच. टेबलावर भात आधीच शिजलेला होता."

"एवढा आळशी?"

"लवकर कर म्हणून मीच सांगितलं होतं त्याले."

त्याने एकच शब्द लिहिला. दर वेळी खणातच जाऊन पाहायचं, असा त्याचा अर्थ. दिवा लागला, पाणी बुडबुडलं. मासोळ्या हळूहळू खाली गेल्या.

"अन् डबा बाजूला ठेवून विजेची तार सरळ मशीनला जोडली असती तर?" मी विचारलं.

त्याने लॅपटॉप मिटला. "सुचलंच नाही, काकू."

मी चहा दिला. कप हातातच राहिला. "आईले मी पुण्याहून दर रविवारी फोन करत होतो," तो म्हणाला. "बरी आहे म्हणायची. मग पुढच्या रविवारपर्यंत माझ्यासाठी ती बरीच राहायची."

त्याची आई एका गुरुवारी घरात एकटीच गेली. तिचं दार शुक्रवारी मीच ढकललं होतं.

"चहा पी, थंडा होऊन राहिला," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कुंपणावर मान आली. "काकू, बऱ्या आहा ना?"

"आहे. उद्या पुन्हा विचार."

टाक्यातल्या सात मासोळ्या मेल्या. बाकीच्या जगल्या. मीही आहे.