फूल आल्याशिवाय नाव नाही

आमच्या खालच्या मजल्यावरच्या गायकवाडांकडे काचेची भलीमोठी टाकी होती आणि तिच्यात एकही मासा नव्हता. पाहुणे काचेला नाक लावून शोधत.

"लपलाय का कुठं?"

"ठेवलाच नाही. माशात काय बघायचं? वनस्पती बघा."

मग आतून सुशीलावहिनींचा आवाज यायचा, "आधी पाहुण्यांना पाणी विचारा. प्यायचं."

ही ऐंशीनंतरची गोष्ट. नेरूळ तेव्हा नुकतं वसत होतं. गायकवाड मूळचे परभणीकडचे, तुर्भ्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. कारखान्यातली भाषा ते घरीही वापरत. नाव न कळलेलं रोप 'हंगामी', नाव पटलं की 'कायम'. पाण्यातलं रोप पानावरून ओळखणाऱ्यांवर त्यांचा राग होता. मला म्हणत, "पानाचं काय सांगता सर? उजेड बदलला की पान बदलतं. बदली झालेल्या माणसासारखं. फूल आल्याशिवाय नाव नाही."

रविवारी पँट दुमडून ते जवळच्या सारसोळे गावाच्या तळ्यात उतरत. आमच्या दारावर मासळी आणणारी मावशी त्याच गावची. ती म्हणायची, "दादा, तळ्यान उतरतंस न नुसता पाला आनतंस? मावरा कुठं हाय?"

"मावशी, तुझं मावरं हाच पाला खाऊन मोठं होतं," असं म्हणून ते तिच्याकडून बोंबील घेत.

त्या तळ्यातल्या एका रोपानं त्यांना फार छळलं. लांब, फितीसारखी पानं. आणलेल्यांपैकी एवढं एकच जगलं होतं. गड्डा वाळूत पुरला तर सडतो, म्हणून मुळं तेवढी खोचलेली. पानांवरचं शेवाळ ते बोटांनी हलकेच पुसत. वर्षं गेली, फूल येईना. वहिनी म्हणायच्या, "मला ताप आला तर गोळी देतात. ह्याचं पान पिवळं पडलं तर रजा टाकतात."

मग माझी पत्नी, मालती, गेली. लोक आले, धीराचं बोलले. गायकवाड आले, गुडघ्यांवर हात ठेवून बसले आणि उठून गेले. त्यानंतर मी गॅलरीचं दार लावून घेतलं, ते लावलेलंच राहिलं.

एका सकाळी गायकवाड उंच बरणी घेऊन वर आले. बरणीत तेच रोप.

"खाली ऊन पोचत नाही, सर. तुमची गॅलरी पूर्वेची." त्यांनी स्वतःच दार उघडलं. "थोडं पाणी रोज बदलायचं. पण नळाचं ताजं नको, त्याला औषधाचा वास असतो. आदल्या संध्याकाळी बादली भरून ठेवायची."

"गायकवाड, माझ्याकडून मरेल ते."

"मरंल," ते म्हणाले, आणि बरणी ठेवून गेले.

आता मला रोज संध्याकाळी उद्याचं पाणी भरून ठेवणं भाग पडलं. सकाळी कामावर जाण्याआधी ते तपासायला येत. पाच मिनिटं बरणीकडे बघत, पंधरा मिनिटं बसत. बोलणं त्या रोपाचंच. मालतीचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. एकदा मीच काढलं, तेव्हा मात्र कारखान्याची बस चुकेपर्यंत ऐकत राहिले.

एका सकाळी पाण्याच्या वर, दोऱ्याएवढ्या देठावर, तांदळाच्या कणीएवढं पांढरं काही दिसलं. मी चप्पल न घालताच खाली धावलो. एरवी मी त्यांच्याकडे संध्याकाळीच जात असे. दार उघडं होतं. उन्हाचा मोठा पट्टा खोलीभर पसरला होता आणि त्यात सगळी टाकी झगमगत होती.

खाली ऊन पोचत नाही, असं ते म्हणाले होते. "फूल आलंय," एवढंच म्हणालो.

ते भिंग घेऊन वर आले. बरणीशी उकिडवे बसून कितीतरी वेळ बघत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू असा उजळला की नाव त्यांना कळलं, हे मला कळलं.

"काय आहे?" मी विचारलं.

त्यांनी भिंग पुसलं, खिशात ठेवलं.

"एका फुलावरून सांगता येत नाही, सर," ते म्हणाले. "पाणी बदलत राहा. मी येत जाईन."