उलटा जबाब

"खोटारडा! एक नंबरचा खोटारडा!"

उलटेसाहेब खुर्चीतून ताडकन उठले, तेव्हा बायकोला वाटलं अंगावर पाल पडली. पण साहेबांच्या हातात कादंबरी होती आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

"अगं, हा घड्याळजी! पहिल्या पानापासून सांगतोय, 'माझ्या भागीदाराचं दुकान कुणी जाळलं ते मी शोधतोय.' मीही आपला त्याच्याबरोबर शोधतोय. आणि दोनशे नव्वदाव्या पानावर म्हणतो काय, तर काडी यानंच लावली होती!"

"छान आहे की मग," बायको म्हणाली. ती ग्रंथालयात कामाला होती आणि पुस्तक तिनंच आणलं होतं.

छान? साहेबांना घाम फुटला होता. बस कंपनीत अपघातांची चौकशी करण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. प्रत्येक ड्रायव्हर "मी आपला हळूच चाललो होतो" म्हणून सुरुवात करायचा आणि साहेब शांतपणे म्हणायचे, "आता हेच शेवटाकडून सुरुवातीकडे सांगा." खोटं सुलट घडाघडा येतं, उलट सांगताना अडखळतं, हा त्यांचा सिद्धांत. भले भले तिसऱ्या वाक्याला ततपप करायचे. 'उलटेसाहेब' हे नाव ड्रायव्हरांनीच पाडलेलं. असा माणूस एका घड्याळजीकडून दोनशे नव्वद पानं फसला!

"मला कळलं कसं नाही?"

"तो 'मी' म्हणत होता ना. 'मी' म्हणणाऱ्यावर आपला पटकन विश्वास बसतो." बायको कपाट आवरता आवरता थांबली. "तुम्ही नाही का आमच्या दादाची गोष्ट सांगत? ती एकदा उलटी सांगा बरं."

दादाची गोष्ट साहेबांना तोंडपाठ होती. तीन वर्षांपूर्वी मेहुणा मुक्कामाला आला आणि बेसिनचा नळ उघडा टाकून गेला. घरात घोटाभर पाणी साचलं आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातली सासऱ्यांच्या सगळ्या पत्रांचा भिजून लगदा झाला. साहेबांनी त्याला फोनवर असं काही फैलावर घेतलं, की तो पुन्हा या घराची पायरी चढला नाही. बायकोनं मात्र तो खालचा कप्पा आजवर रिकामा ठेवला होता.

"त्यात काय!" साहेबांनी घसा खाकरला. "दुपारी खालच्या मजल्यावरच्या बाईंचा फोन आला, छत गळतंय म्हणून. त्याआधी मी ऑफिसात. त्याआधी पावणेदहाला घराला कुलूप लावलं. त्याआधी टॉवेलनं गालावरचा साबण पुसला."

"टॉवेलनं? धुतला नाही?"

"पाणी कुठं होतं? पाइपच्या कामासाठी बंद केलं होतं ना. अर्ध्या दाढीनंच ऑफिसला गेलो नव्हतो का मी!"

अर्ध्या दाढीचा किस्सा ही साहेबांची दुसरी आवडती गोष्ट. दोन्ही गोष्टी एकाच दिवसाच्या होत्या, पण त्यांनी त्या कधी एकत्र सांगितल्या नव्हत्या.

"आणि दादा गेला तेव्हा पाणी होतं?"

"होतं की. तो नऊला गेला. मग मी त्याच बेसिनमध्ये कप विसळले, नळ बंद केला, मग तिथंच दाढी करायला लागलो, अर्ध्यात पाणी गेलं, मी नळ पूर्ण सोडून बघितला, थेंबसुद्धा..."

साहेब थांबले. बावीस वर्षांत समोरच्या खुर्चीवर पाहिलेलं ततपप आता त्यांच्या स्वतःच्या तोंडून बाहेर पडत होतं.

"मग? नळ बंद केला?" बायकोनं विचारलं.

साहेब मटकन खाली बसले. ते खोटं बोलले नव्हते, हीच तर खरी भीतीची गोष्ट होती. त्यांनी मनापासून, शपथेवर, पंचवीस-तीस पाहुण्यांना जे सांगितलं, ते त्यांना स्वतःलाही खरंच वाटत होतं.

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "तीन वर्षं हो! तीन वर्षं माझा भाऊ..."

साहेबांनी मेहुण्याला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि एका दमात सगळं कबूल केलं. "नळ मी सोडला होता. चूक माझी आहे. मला माफ कर."

पलीकडून मेहुण्याचा पडलेला आवाज आला, "भाऊजी, माझ्यासाठी असं काही बोलू नका. नळ मीच उघडा ठेवला होता."

"अरे, तू नाही!"

"मला स्पष्ट आठवतंय. हाताला साबण होता, टॅक्सीवाला खालून हॉर्न देत होता, नळाची धार मी डोळ्यांनी पाहिली आणि तसाच निघालो. आजही रोज झोपताना घरातले सगळे नळ दोनदा तपासतो."

साहेबांनी गोष्ट इतकी चोख सांगितली होती, की निरपराध माणसाला गुन्हा आठवायला लागला होता. घड्याळजीनं निदान नुसतं दुकान तरी जाळलं होतं.

"हे... हे तू एकदा शेवटाकडून सांग बघू," ते कसेबसे म्हणाले.

"पुरे!" बायकोनं फोन हिसकावला. "दादा, तू उद्या जेवायलाच ये. आणि हात बिनधास्त धू. नळ मी बंद करीन."