काळ्या भिंतीच्या कोपऱ्यास शाई लाविली त्याची हकीकत

श्रीगजाननास दंडवत, शारदेस दंडवत, आणि ज्या हातांनी दगड घडतो त्या हातांस तिसरा दंडवत. शके सोळाशे ब्याण्णव, विकृतिनाम संवत्सर, आश्विन मास. राज्य कोणते ते पुसू नये.

त्या राज्याचे धनी वृद्ध महाराज यांची दृष्टी गेली, आणि ते भिंतीस उजवा हात लावून चालू लागले, आणि शयनमहालापासून देवघरापर्यंत एकट्याने जावे, कोणी हात धरू नये, ऐसा हट्ट धरिते जाहले. मग आज्ञा जाहली की, त्या वाटेची भिंत काळ्या पाषाणाच्या घोटीव फरशांनी मढवावी, महाराज दसऱ्याचे पूजेस आपले आपण जातील. फरशा हणमाजी पाथरवटाने बसवाव्या आणि देखरेख ह्याच लिहिणाराने करावी, ऐसे ठरले. भिंत उत्तम उठली. परंतु देवघराकडे वळताना एक कोपरा बाहेर येतो, तेथे दोन फरशा भेटतात, आणि तोंडे काळीभोर असली तरी कापलेली कड राखेच्या रंगाची, खरखरीत आणि धारेची उघडी राहिली. हणमाजी बोलिला, "पंत, दोन्ही कडा तिरप्या तासून जोडतो, मग धार मोडून कुरुंदाच्या दगडाने घोटतो. चार दिवस द्या." दसरा उद्यावर आला होता, आणि लिहिणाराने काम तयार म्हणून महाराजांस आधीच सांगोन बक्षिसाचा शेला घेतला होता. म्हणोन तो गुर्मीने बोलिला, "कोपऱ्याकडे पाहतो कोण? काळे फासून मोकळा हो." हणमाजी बोलिला, "ते मला येत नाही, पंत." आणि टाकी उचलोन निघोन गेला. मग लिहिणाराने आपली दौत आणिली, चिंधीचा बोळा केला आणि कडेस शाईचे दोन हात दिले, आणि मागे सरोन पाहिले तो कड काळीभोर दिसली, आणि मूर्ख संतोष पावला. महाराजांस दिसत नव्हते; त्यांचा हातच तेथे येणार, हे त्या अकलेत शिरले नाही.

दसऱ्यास महाराज निघाले, आणि दरबार दुतर्फा उभा राहिला, आणि महाराज हसतमुखाने झपझप चालले, आणि कोपऱ्यावर हात वळला तो बोटे कापली. रक्त आले. महाराज थांबले आणि पुसते जाहले, "ही कड कोणाची?" लिहिणार बोलिला, "हणमाजीची, महाराज." लिहिताना आजही कान तापतात. हणमाजी पुढे आला आणि बोलिला, "फरशी माझी, धनी. कड व्हायची राहिली आहे." कोणाकडे बोट केले नाही. मग महाराजांनी बोटे नाकाशी नेली आणि बोलिले, "रक्तास डिंकाचा वास येतो. चाळीस वर्षे पत्रांवर सही केली, शाईतला डिंक मला कळतो. पाथरवटाच्या घरी दौत कशाची?" लिहिणाराने काळी नखे मुठीत लपविली, आणि ज्यांस डोळे होते त्या सर्वांनी त्या मुठीकडेच पाहिले. त्या दिवशी महाराज खिजमतगाराचा हात धरून पूजेस गेले.

लिहिणारास वाटले की आता हद्दपारी होईल, आणि झाली असती तर बरे होते. आज्ञा जाहली, "यास घालवू नका. हणमाजीच्या हाताखाली बसवा, कोपरा हाच घोटील." मग चार दिवस हणमाजी कडा तासोन जोडिता जाहला आणि लिहिणार पाणी घालोन कुरुंद फिरविता जाहला, आणि बोटांची सालटी निघाली. हणमाजी इतकेच बोले, "पंत, डोळे मिटा आणि हात फिरवा. जिथे अडेल तिथे घासा." एक वावगा शब्द त्याने काढिला नाही. शिव्या दिल्या असत्या तर सोसले असते. पाचवे दिवशी महाराज एकटे आले, हात कोपऱ्यावरून वळला आणि पुढे गेला, आणि कोपरा कोठे आला हे त्यांस कळलेही नाही. हणमाजीने पागोटे सारखे केले.

एवंच, काळ्या भिंतीचा मजकूर हा इतका. हा जसा घडला तसा लिहावा, वरून शाई फिरवू नये, ऐसे महाराजांनी फर्माविले. आणि पुढे दयेने बोलिले की, नाव घालावयाची लाज वाटत असेल तर गाळावे. नाव गाळिले आहे.